नव्या घरची पहिली बाग : बाबराच्या वहीतल्या आग्र्याच्या नोंदी



दिवाळी झाल्यावर आम्ही गावठाणातलं जुनं घर सोडून मळ्यातल्या नव्या घरात राहायला आलो. घर उभं राहिलं, पण घरापुढची दोन गुंठे जागा अजून उघडीबोडकी आहे. विटांचे तुकडे, वाळूचा उरलेला ढीग, पाया खणताना वर आलेला मुरूम. जुन्या परसात कढीपत्ता होता, शेवगा होता, लिंबोणी होती, न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं. इथं उन्हाचं टेकायला एक झाड नाही. आई दारात बसून रोज एकच म्हणते, "इथं काय मन लागंना बाबा."

संक्रांत झाली की थंडी उतरेल, मग उन्हाळी भाजीपाल्याचे वाफे टाकायचे. त्या दिवसांची वाट बघतोय. संध्याकाळी काम नसतं म्हणून बाबरनामा पुन्हा वाचायला काढला, आणि त्यातली आग्र्याची पानं यावेळी वेगळीच लागली. चारपाचशे वर्षांपूर्वी एक माणूस परक्या मुलखात नवं घर करतो, जमीन बघून वैतागतो, आणि तरी बाग लावतो.

बाबर म्हटलं की लढाया आणि वाद आठवतात. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. हे पान शेतातल्या नोंदींचं आहे, तेव्हा आपण त्याच्या वहीतल्या माती, पाणी आणि झाडांच्या नोंदीच बघू. कारण हा गडी नोंदी ठेवण्यात पक्का होता.

मूळ गाव खरबुजांचं

बाबराचा जन्म १४८३ चा. गाव अंदिजान, फरगणा खोऱ्यातलं, आजच्या उझबेकिस्तानात. तिकडं द्राक्षं आणि खरबुजं इतकी पिकत की हंगामात खरबुजाच्या वाडीवर आलेल्याकडून पैसे घ्यायची रीतच नव्हती, असं तो लिहितो. आपल्याकडं हुरड्याला आलेल्या पाहुण्याकडं कुणी पैसे मागत नाही, तसंच ते.

तिथली गादी गेली. १५०४ साली त्यानं काबूल घेतलं आणि वीसेक वर्षं तिथं काढली. या काळात त्याला बागांचा नाद लागला. काबूलजवळच्या डोंगरपायथ्याला रानट्युलिप किती जातींची फुलतात हे त्यानं मोजायला लावलं, तर बत्तीस-तेहतीस जाती निघाल्या. आंबट चेरीची रोपं आणवून लावली. आजच्या जलालाबादच्या बाजूला, जिथं थंडी कमी, तिथं त्यानं 'बाग-ए-वफा' वसवली होती. तिच्यात संत्री-डाळिंबं होतीच. शिवाय त्यानं तिथं ऊस लावून पाहिला, तो जमला. पुढच्या वर्षी, लाहोर घेतलं तेव्हा, केळी आणवून लावल्या, त्याही जमल्या. त्यातला ऊस बुखारा आणि बदख्शानला पाठवला. म्हणजे हिंदुस्थानात घर करायच्या आधीच इथलं पीक त्यानं आपल्या बागेत नेऊन बघितलं होतं. १५२५ च्या हिवाळ्यात इकडं स्वारीला निघाला तेव्हाही मुलाची, हुमायूनची, वाट बघत काही दिवस तो याच बागेत थांबला.

जमीन बघून वीट आला

२० एप्रिल १५२६ ला पानिपतची लढाई झाली. १० मे ला तो आग्र्यात आला. वैशाखाचं ऊन, आणि त्या साली उन्हाळा नेहमीपेक्षा कडक होता. लोक भीतीनं गावं सोडून पळालेले. माणसांना धान्य मिळेना, घोड्यांना वैरण मिळेना. त्याचे लोक उन्हानं मरायला लागले. सरदार म्हणाले, चला परत काबूलला. बाबरानं सगळ्यांना बसवून सांगितलं की आपण इथंच राहायचं. तरी ख्वाजा कलानसारखा जवळचा माणूस राहिला नाही, परत गेला.

अशा वेळी बाबरानं काय करावं? आग्र्यात येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाच तो यमुनेच्या पलीकडं बागेसाठी जागा बघायला गेला. जागा अशी ओसाड आणि कुरूप की त्याला अक्षरशः किळस आली. चारबाग करायचा विचार त्यानं मनातून काढून टाकला. पण आग्र्याजवळ दुसरी बरी जागाच नव्हती. शेवटी थोड्या दिवसांनी त्याच जागेवर काम सुरू केलं.

इथं मी वाचताना थांबलो. आपणही हेच करतो ना? वाटणीत आलेलं रान, नाहीतर धरणात गाव गेल्यावर मिळालेली जमीन. पहिल्यांदा बघितल्यावर पाय मागं येतो. मग दुसरं काही हाताशी नाही म्हणून तिथंच कुदळ मारतो.

आधी विहीर

त्यानं कामाचा जो क्रम लिहून ठेवलाय तो लक्षात घ्या. सगळ्यात आधी मोठी विहीर खोदली. त्या विहिरीचं पाणी हमामाला, म्हणजे न्हाणीघराला. मग जिथं चिंचेची झाडं होती ती जागा आणि अष्टकोनी हौद. मग मोठा हौद, मग बैठकीची जागा, मग राहायचं घर आणि त्याला लागून बाग. फुलं सगळ्यात शेवटी. वाफे सरळ रेषेत आखले, आणि वाफ्यावाफ्यात गुलाब आणि नर्गिस लावले.

चिंचेची जुनी झाडं त्याच्या नोंदीत आहेत हेही बघा. माझा प्लॉट सपाट करताना जेसीबीवाला बांधावरची बाभळ पाडायला निघाला होता. बाभळीला काय करायचंय, म्हणत होता. ती वाचली, आणि आज त्या दोन गुंठ्यांच्या कडेला जी काय सावली आहे ती तिचीच.

अशी आखीव बाग आग्र्याच्या लोकांनी पूर्वी पाहिली नव्हती. बाबर लिहितो, नदीच्या त्या बाजूला लोक 'काबूल'च म्हणायला लागले.

हे सगळं केलं कुणी? बाबरानं हिंदुस्थानच्या चांगल्या गोष्टी सांगताना लिहिलंय की इथं प्रत्येक कामाला कारागीर भरपूर मिळतात. एकट्या आग्र्यातल्या त्याच्या कामांवर रोज ६८० पाथरवट होते. आग्रा, सिक्री, बयाना, धौलपूर, ग्वाल्हेर आणि कोल मिळून १४९१. आकडे आहेत, नावं नाहीत. ज्यांनी मे महिन्यात ती विहीर खोदली त्यांनाही ऊन तेवढंच लागलं असणार. बाग राजाच्या नावानं ओळखली जाते, पण पहिली कुदळ त्यांची.

मोट, रब्बी आणि रोपांचं पाणी

आता खास आपल्या कामाच्या नोंदी. बाबर ज्या मुलखातून आला तिकडं शेती म्हणजे पाटपाणी. डोंगरातला बर्फ वितळतो, ओढे वाहतात, ते वळवून घ्यायचे. इथं आल्यावर त्याला दिसलं की बागेला वाहतं पाणीच नाही. मग लोक करतात काय, हे त्यानं बारकाईनं पाहिलं.

लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडं रहाट. दोराच्या दोन फेऱ्यांमध्ये फळ्या बांधून त्यांना मडकी अडकवलेली, आणि बैल चाक फिरवतो. आग्रा, बयानाकडं मात्र मोट. विहिरीच्या काठावर बेचक्याचं लाकूड, त्यात फिरणारं रूळ, त्यावरून दोर, दोराला मोठी मोट, आणि दुसऱ्या टोकाला बैल. एक माणूस बैल हाकतो, दुसरा मोट रिकामी करतो. बैल परत फिरला की तो दोर शेणामुतातून फरफटत पुन्हा विहिरीत जातो, हे घाण काम आहे, असं त्यानं नाक मुरडून लिहिलंय.

आपल्या आजोबांनी हाकलेली मोट आठवणाऱ्यांना इथं एक फरक दिसेल. आपल्या दख्खनच्या मोटेला चामड्याची सोंड असायची. नाडा मोट वर ओढायचा आणि बारका दोर सोंडेला वर धरून ठेवायचा. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात आपोआप रिकामी व्हायची. त्यामुळं आपल्याकडं मोटेवर एक माणूस पुरे. बाबरानं पाहिलेल्या मोटेला दुसरा लागायचा. बैल मात्र दोन्हीकडं धावेवरच झिजले.

दुसरी नोंद याहून मोलाची. तो म्हणतो, इथलं खरिपाचं पीक पावसावर येतं हे ठीक, पण नवल असं की रब्बीचं पीक पाऊस पडला नाही तरी येतं. पाटपाण्याच्या माणसाला हे नवलच वाटणार. आपल्याला त्यामागचं कारण माहीत आहे. गंगा-यमुनेची खोल गाळाची जमीन असो की आपली मंगळवेढ्याकडची काळी जमीन, पावसाळ्यात मुरलेली ओल ती धरून ठेवते, हिवाळ्याच्या थंडीत बाष्पीभवन कमी होतं, आणि मालदांडी ज्वारीची मुळं त्या ओलीच्या मागं खाली जातात. पाणी वरून दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. बाबरानं कारण लिहिलं नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं प्रामाणिकपणे टिपून ठेवलं.

तिसरी नोंद रोपांची. इथं लहान झाडांना दोन-तीन वर्षं मोटेनं किंवा रहाटानं सतत पाणी देतात, पुढं त्यांना पाण्याची गरज राहत नाही. आजही आंबा, चिंच, जांभळाला आपण हाच हिशेब सांगतो. पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळा, मग झाड स्वतःचं स्वतः बघतं. वृक्षारोपणाचे फोटो काढून दुसऱ्या उन्हाळ्यात झाडाला विसरणाऱ्यांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

पहिल्या वर्षीचं मत

आता त्याच्या चुकीकडं येऊ. हिंदुस्थानात काय नाही याची बाबरानं मोठी यादी दिलीय. चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, उत्तम फळं नाहीत, बर्फ नाही, गार पाणी नाही, बाजारात चांगली भाकरी नाही. आंबा हे इथलं सगळ्यात चांगलं फळ, हे त्याला मान्य. पण लोक जेवढी तारीफ करतात तेवढा तो नाही, शिवाय चांगले आंबे थोडेच, असं म्हणून मोकळा. तरी आंबा खायच्या दोन्ही तऱ्हा त्यानं लिहिल्यात. एक, मऊ करून, भोक पाडून रस चोखायचा. दुसरी, सोलून खायचा. आपल्या वाचकांनी मनावर घेऊ नये. त्याला हापूस-केशर कुणी दिला नव्हता!

यादी वाचताना कळतं की माणूस जमिनीबद्दल कमी बोलतोय आणि घरच्या आठवणीबद्दल जास्त. खरबूज इथं नाही म्हणणारा माणूस खरबुजाच्या गावचा आहे.

पण तो यादीवर थांबला नाही. आपल्या बागेत द्राक्षाचे वेल लावले. बल्खचा एक खरबूज पिकवणारा माणूस कामाला लावला. ग्वाल्हेरला गेला तेव्हा तिथल्या बागेत गडद लाल कण्हेर दिसली, तर तिची झाडं आणून आग्र्यात लावली. बाहेरचं बियाणं, बाहेरचा जाणकार, इथली विहीर, इथली कण्हेर, सगळं एका बागेत.

रडवणारं खरबूज आणि हसवणारं खरबूज

फेब्रुवारी १५२९. आग्र्यात येऊन पावणेतीन वर्षं झालेली. बाबरानं काबूलला, त्याच ख्वाजा कलानला, लांबलचक पत्र लिहिलं. त्यात किल्ल्याची डागडुजी आहे, मशीद आहे, सराई आहे, आणि मध्येच बागा आहेत. अमुक बागेला पाणी कमी पडतं, एक पाणचक्की चालेल एवढा ओढा विकत घेऊन तिकडं वळवा. तमुक ठिकाणी उत्तम रोपं लावा, कडेनं सुवासिक फुलं लावा. शेकडो मैल लांब बसून जुन्या परसाची काळजी चाललीय.

आणि त्याच पत्रात तो लिहितो की तिकडच्या गोष्टी विसरायच्या कशा? खरबुजाची, द्राक्षाची चव मनातून काढायची कशी? एवढ्यात एक खरबूज त्याच्यापुढं आलं होतं. ते चिरून खाताना त्याला रडू आवरलं नाही. लढाया जिंकलेला, छेचाळिशीचा माणूस एका फोडीपुढं रडला, आणि ते त्यानं लपवलं नाही.

आता शेतकऱ्याच्या नजरेनं तारीख बघा. उत्तरेत उन्हाळी खरबुजाची लावण फेब्रुवारी-मार्चमध्ये, नदीकाठच्या वाळूत नाहीतर हलक्या जमिनीत होते. फळ मे-जूनमध्ये. ज्या दिवसांत तो रडत होता ते खरबुजाच्या लावणीचेच दिवस. आणि ज्या उन्हानं त्याचे लोक हैराण झाले, तेच कोरडं ऊन खरबुजाला हवं असतं. फळ पक्व होताना हवा कोरडी, दिवस तापलेला आणि पाणी हात आखडून दिलेलं असलं की साखर भरते. पाऊस लागला की फळ फिकं होतं, तडकतं. म्हणजे आग्र्याची हवा खरबुजाच्या विरोधात कधीच नव्हती. कमी होतं ते जातिवंत बी आणि ते पिकवायची हातोटी.

जून १५२९ च्या अखेरीला बाबर पूर्वेकडच्या मोहिमेवरून आग्र्याला परतला. बल्खच्या त्या माणसानं आपल्या वाडीतली खरबुजं आणून दिली. लहान होती, पण उत्तम. बागेतल्या एक-दोन वेलांना चांगली द्राक्षं धरली होती. शेख घूरन नावाच्या इथल्याच सरदारानं द्राक्षांची टोपली पाठवली, तीही वाईट नव्हती. हिंदुस्थानात अशी खरबुजं आणि द्राक्षं पिकलेली बघून आपलं समाधान झालं, असं बाबरानं त्या दिवशी वहीत लिहिलं.

त्याच आठवड्यात त्याची राणी माहम काबूलहून आग्र्याला पोचली. मध्यरात्री भेट झाली, एवढीच छोटी नोंद. तीन वर्षांत पहिलं फळ आलं, आणि घरचं माणूसही आलं.

पुढं फार दिवस मिळाले नाहीत. २६ डिसेंबर १५३० ला तो आग्र्यात वारला. आधी त्याला आग्र्यातल्याच बागेत पुरलं, नंतर त्याच्या इच्छेप्रमाणं काबूलला नेलं. तिथंही त्याची कबर बागेतच आहे. त्या आग्र्याच्या वेलाचे फार बहार त्याला बघता आले नाहीत. झाडं लावणाऱ्याचं असंच असतं.

मी काय घेतलं

या सगळ्यातून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. नव्या जमिनीबद्दल पहिल्या वर्षी जे वाटतं ते वहीत लिहावं, पण त्यावर शिक्का मारू नये. पहिल्या वर्षी आपण जमीन बघत नसतो, जुनं घर शोधत असतो. दोन-तीन हंगाम तिला द्यावेत, आणि मग आपलीच जुनी नोंद काढून वाचावी. बाबराची 'इथं खरबूज नाही' ही ओळ बाबराच्याच नोंदीनं खोडली. वही नसती तर आपल्याला दोन्ही कळलं नसतं.

म्हणून माझा बेत असा आहे. आधी पाणी. विहिरीवरून एक लाईन आणि न्हाणीचं पाणी वळवायला चर, हे काम पौषातच. विटांचे तुकडे वेचून मुरमावर गाळाची माती आणि शेणखत. संक्रांतीनंतर चार वाफे : गवार, भेंडी, काकडी, आणि एका वाफ्यात, बाबराची आठवण म्हणून, खरबूज. झाडांची घाई नाही. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यायचे, रोपं पहिल्या पावसानंतर लावायची. कढीपत्त्याचा फुटवा आणि अळूचे कांदे मात्र जुन्या परसातून आधीच आणून कुंडीत ठेवलेत. ते आईसाठी.

आईचं मन कधी लागेल सांगता येत नाही. पण काल ती दारातून उठली, कुंडीपाशी गेली आणि म्हणाली, "ह्याला ऊन जास्त होतंय, बाभळीखाली सरकव." मी सरकवली.

तुम्ही नव्या घरी, नव्या रानात गेलात तेव्हा पहिलं काय लावलं होतं? ते जगलं का? आणि जमिनीबद्दलचं तुमचं पहिल्या वर्षीचं मत आज तसंच आहे का? खाली लिहा, माझ्या वहीत उतरवून घेतो.